दगड फुकट मिळाला

"ग्रॅनाइटसाठी राज्याला काहीच खर्च आला नाही. डोंगराच्या मालकांनी तो फुकट देऊन टाकला," असं गाइड म्हणाली आणि आमच्या घोळक्यात कौतुकाची कुजबुज झाली. ऑस्टिनच्या कॅपिटॉलमध्ये, म्हणजे टेक्सास राज्याच्या विधानभवनात, दक्षिणेच्या दारातून आत शिरल्यावर जे दालन लागतं तिथे आम्ही उभे होतो. अप्पांनी माझ्या कानाशी येऊन विचारलं, "दगड फुकट मिळाला, ठीक आहे. पण फोडाई कुणी दिली?" अप्पांची सगळी नोकरी बांधकाम खात्यात गेली, सोलापूर जिल्ह्यात. रस्ते, मोऱ्या, शाळांच्या खोल्या, तहसील कचेरीची दुरुस्ती. दगडाला मुळात किंमत नसते, हे त्यांनी मला लहानपणीच सांगितलं होतं. सरकारची रॉयल्टी भरली की खाणीतला दगड तुमचा, पैसा जातो तो फोडाईत, घडाईत आणि वाहतुकीत. मी त्यांचा प्रश्न इंग्रजीत करून गाइडला विचारला. ती मुलगी चुणचुणीत होती, तिने टाळाटाळ केली नाही. "कैद्यांनी. राज्याच्या तुरुंगातल्या कैद्यांनी," ती म्हणाली, आणि पुढच्याच श्वासात, "चला, आता घुमटाखाली जाऊ. तिथे गेल्यावर वर बघा." सगळे गेले आणि सगळ्यांनी वर पाहिलं. मीही पाहिलं. घुमटाच्या टोकाला एक चांदणी आहे, तिच्या पाकळ्यांमध्ये टेक्सास हे नाव अक्षराअक्षराने बसवलंय. खालून ती तळहाताएवढी दिसते, प्रत्यक्षात आठ फूट रुंद आहे. अप्पांनी मात्र वर बघितलंच नाही. ते भिंतीशी उभे राहून दगडाचे सांधे बघत होते.

त्या एका शब्दाच्या उत्तराने माझा पिच्छा सोडला नाही. खरं तर ही इमारत माझ्या अतिशय आवडीची आहे. या शहरात नवी आले तेव्हा मला इथलं काहीच ओळखीचं वाटत नव्हतं, सगळं सपाट, रुंद आणि गाडीतून बघण्याजोगं. पण काँग्रेस अव्हेन्यूवरून नदीकडून उत्तरेला चालत निघालं आणि रस्त्याच्या टोकाशी तो गुलाबी घुमट दिसायला लागला की पावलं आपोआप तिकडे वळायची. नुसता गुलाबी म्हणणंही पुरेसं नाही. पावसाळी दिवशी इमारतीचा दगड मातकट दिसतो, दुपारच्या उन्हात फिका पडतो आणि संध्याकाळी पाच-दहा मिनिटं असा पेटतो की सिग्नलला उभी असलेली माणसंसुद्धा मोबाईलवरून नजर काढून बघतात. आत शिरलं की गारवा. टेराझोच्या गुळगुळीत फरशीवर बुटांचे आवाज, लाकडाला केलेल्या पॉलिशचा मंद वास. फरशीवर मधोमध टेक्सासच्या प्रजासत्ताकाची मुद्रा आणि भोवती या भूमीवर राज्य केलेल्या बाकी पाच देशांच्या मुद्रा आहेत, त्या 1936 मध्ये टेक्सासच्या स्वातंत्र्याच्या शताब्दीच्या निमित्ताने बसवल्या. मुद्रेच्या बरोबर मध्ये उभं राहून टाळी वाजवली की घुमटातून आवाज परत अंगावर येतो. गोलाकार भिंतींवर आजवरच्या गव्हर्नरांची चित्रं आहेत. नवं चित्र लागायचं असलं की जुनी सगळी एकेक जागा पुढे सरकवतात, हे मला कळलं तेव्हा फार गंमत वाटली होती. दारांच्या बिजागऱ्या तर मी प्रत्येक पाहुण्याला वाकून बघायला लावते. ओतीव, जाडजूड, आणि प्रत्येकीवर इमारतीचं नाव कोरलेलं. ज्यांनी बिजागरीचाही एवढा विचार केला त्यांच्याबद्दल आदर वाटल्याशिवाय राहत नाही.

आदर अजूनही आहे. त्याच्या शेजारी आता आणखी काहीतरी येऊन बसलंय.

अप्पांच्या प्रश्नानंतर मी वाचायला लागले. जुनी इमारत 1881 च्या नोव्हेंबरमध्ये जळली. तेव्हा टेक्सासच्या तिजोरीत पैसा नव्हता, जमीन मात्र अमाप होती. 1876 च्या राज्यघटनेतच नव्या राजधानी-इमारतीसाठी 30 लाख एकर जमीन बाजूला काढून ठेवली होती. वर 50 हजार एकर मोजणीच्या खर्चापोटी. शिकागोच्या एका भांडवलदार मंडळीशी करार झाला: तुम्ही इमारत बांधून द्या, आम्ही जमीन देतो. 30 लाख एकर म्हणजे आपल्या अमरावती जिल्ह्याएवढा मुलूख, एका इमारतीच्या बदल्यात! ही जमीन राज्याच्या उत्तर टोकाला, पॅनहँडलमध्ये. तिथे पुढे एक्सआयटी नावाचा गुरांचा प्रचंड रँच उभा राहिला, काटेरी तारांनी वेढलेला, दहा काउंट्यांमध्ये पसरलेला. आणि ही जमीन मोकळी तरी कशी झाली होती? दशकभरापूर्वीपर्यंत तिथे कोमांची आणि कायोवा लोक रानरेड्यांच्या मागे फिरत होते. 1874-75 च्या लढाईत सैन्याने त्यांचे घोडे मारले, तळ जाळले आणि त्यांना आजच्या ओक्लाहोमातल्या राखीव प्रदेशात नेऊन बसवलं. मग नकाशावर ती जमीन 'रिकामी' झाली. इमारतीच्या आधी जमिनीचा हिशेब वाचला की मला घुमट थोडा निराळा दिसायला लागतो.

आमचं घर शहराच्या नैर्ऋत्येला, ओक हिल भागात आहे. आमच्याकडून किराणा दुकानाला जाताना जो रस्ता लागतो त्याचं नाव कन्व्हिक्ट हिल रोड. इतकी वर्षं मी त्यावरून गाडी चालवते. मुलीच्या पोहण्याच्या क्लासला जाताना, दिवाळीला मैत्रिणींकडे फराळाचे डबे पोचवताना. सुरुवातीला कधीतरी नावाचं नवल वाटलं असेल, मग नेव्हिगेशनमधल्या बाईच्या तोंडी ते इतकं गुळगुळीत झालं की ऐकूच येईनासं झालं. त्या टेकडीवर चुनखडीची खाण होती आणि कॅपिटॉलसाठीचा दगड कैद्यांनी तिथून काढला, हे मला अप्पांच्या प्रश्नानंतर कळलं. काही जण काम करता करता तिथेच मेले. सगळी इमारत आधी याच दगडाची होणार होती. पण त्यात लोहाचे कण निघाले, हवा लागली की त्यावर डाग पडायला लागले. म्हणून तो पायात आणि आतल्या भिंतींत वापरला गेला, जिथे नजर पोचत नाही. अप्पांना मी टेकडीवर घेऊन गेले. आता तिथे घरं आहेत, ओकची झाडं आहेत, कुत्री फिरवणारी माणसं आहेत. ऊन कडक होतं. अप्पा कठड्यापाशी थांबले आणि म्हणाले, "उन्हाळ्यात पांढऱ्या दगडाच्या खाणीत उभं राहवत नाही गं. डोळे जातात. आमच्याकडे वडार लोक पहाटे चारला काम सुरू करायचे आणि दहाला बंद. यांना दहाला बंद कोण करू देणार?"

बाहेरच्या भिंतींचा दगड कुठून आणायचा यावर मग मोठा वाद झाला. ठेकेदारांना इंडियानाहून चुनखडी आणायची होती, ती मऊ आणि घडवायला सोपी. गव्हर्नर जॉन आयर्लंड अडून बसले: टेक्सासची इमारत टेक्सासच्याच दगडाची होईल. तेव्हा मार्बल फॉल्सजवळच्या ग्रॅनाइट माउंटनच्या मालकांनी दगड फुकट देऊ केला. गावाबाहेर उघड्यावर पडलेला गुलाबी खडकाचा तो प्रचंड उंचवटा मी बघून आले आहे, तिथे आजही खाण चालू आहे. ग्रॅनाइट मिळाला पण तो कठीण. चुनखडीत जी नक्षी करता आली असती ती यात करायची तर वेळ आणि पैसा दोन्ही कितीतरी पटीने वाढणार. म्हणून डेट्रॉइटच्या इलायजा मायर्स या वास्तुकाराच्या मूळ आराखड्यातलं कोरीवकाम कमी केलं गेलं. आज ही इमारत वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलच्या घराण्यातली वाटते. उंचीला त्याच्याहून काही फूट जास्तच आहे. तरी तिच्या अंगावर दागिने कमी आहेत, खडबडीत तोंडाचे मोठे चिरे तसेच दिसू दिलेत, त्याचं मूळ इथे आहे. मला तिचा तो रांगडेपणा आवडतो. तो कुणाच्या अभिरुचीतून आलेला नाही, दगडाच्या कठीणपणातून आणि मजुरीच्या हिशेबातून आलाय, हे कळल्यावर तो जास्तच खरा वाटायला लागला.

आणि मजुरीचा हिशेब असा होता. राज्याने कैदी पुरवायचे, ठेकेदाराने त्यांना खाऊ-पिऊ घालायचं आणि माणशी रोजचे काही सेंट राज्याला द्यायचे. कैद्याला काही नाही. गुलामगिरी संपून तेव्हा जेमतेम वीस वर्षं झाली होती. अमेरिकेच्या तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी बंद केली, पण गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीची मजुरी तेवढी चालेल अशी फट तिच्यात ठेवली. दक्षिणेतल्या राज्यांनी त्या फटीतून काय काय आत घेतलं हा मोठा इतिहास आहे. टेक्सासच्या तुरुंगांत कृष्णवर्णीयांचा वाटा लोकसंख्येच्या मानाने फार मोठा होता, कित्येक जण किरकोळ चोरीसाठी वर्षानुवर्षं आत होते. बर्नेट गावापासून ग्रॅनाइटच्या खाणीपर्यंतचा रेल्वेचा फाटाही कैद्यांनीच टाकला. आपल्यालाही हे नवं नाही. अंदमानचं सेल्युलर जेल कैद्यांनीच बांधलं, स्वतःला कोंडण्यासाठी. इथे त्यांच्याकडून बांधून घेतलं ते लोकांच्या प्रतिनिधींचं घर.

या गोष्टीत एक वळण असं आहे की ते वाचताना मी खुर्चीत सरळ बसले. ग्रॅनाइट घडवणाऱ्या कारागिरांच्या संघटनेने या कामावर बहिष्कार टाकला. जिथे कैद्यांकडून फुकटात काम करून घेतलं जातं तिथे आमचा माणूस टाकी लावणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. त्यामागे माणुसकी किती आणि पोटाची काळजी किती हे वेगळं काढता येत नाही, आणि काढायची गरजही नाही. कारागीर मिळेनात तेव्हा गस विल्की या ठेकेदाराने स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनला माणूस धाडला. ते गाव ग्रॅनाइटचंच. तिथून 62 पाथरवट 1886 मध्ये ऑस्टिनला आले. नेमका आदल्याच वर्षी अमेरिकेने कायदा केला होता की परदेशातून कराराने मजूर आणायचे नाहीत. विल्कीवर खटला झाला, दंड झाला. पाथरवटांनी काम केलं. मी या शहरात आले ती एच-वन-बी व्हिसावर, एका कंपनीच्या करारावर. माझ्या येण्याने इथल्या कुणाचा तरी पगार खाली आला असं म्हणणारे लोक मला भेटले आहेत, तोंडावर म्हणणारेही. त्या 62 जणांनाही तसंच ऐकावं लागलं असणार. बोटीतून उतरल्यावर त्यांना बहिष्काराबद्दल कळलं तेव्हा त्यांनी आपसात काय बोलणं केलं असेल, घरी कर्ज काढून आलेला एखादा त्यात असेलच, तो काय म्हणाला असेल, याचा मी पुष्कळ विचार करते. त्यांच्यावर मला रागावता येत नाही. ज्यांनी बहिष्कार टाकला त्यांच्या बाजूने मन जातं आणि तरीही.

कैद्यांना बहिष्कार टाकायची मुभा नव्हती.

16 मे 1888 ला इमारतीचं लोकार्पण झालं. टेक्सास प्रजासत्ताकाचे अध्यक्ष राहिलेल्या सॅम ह्यूस्टन यांचे धाकटे चिरंजीव टेम्पल ह्यूस्टन यांनी राज्याच्या वतीने भाषण केलं. त्या सोहळ्याच्या दिवसांत पाऊस आला आणि नवीकोरी तांब्याची छपरं गळली, त्यामुळे राज्याने दुरुस्ती होईपर्यंत इमारत रीतसर ताब्यात घेतली नाही. हे ऐकून अप्पांना मनापासून बरं वाटलं. "ताबा देताना गळती निघतेच," ते म्हणाले, "आणि तोपर्यंत अंतिम बिल द्यायचं नाही." तेव्हा मला आठवलं की आपलं व्ही.टी. स्टेशनही 1888 च्या मे महिन्यातच पुरं झालं. अप्पांनी सिद्धेश्वर एक्स्प्रेसने व्ही.टी.ला किती खेपा केल्या असतील! तिथल्या घुमटावरही एक बाई उभी आहे, हातात मशाल उंच धरलेली 'प्रगती'. इथली बाई स्वातंत्र्यदेवता, एका हातात चांदणी, दुसऱ्यात खाली टेकवलेली तलवार. मूळची जस्ताची मूर्ती उतरवून 1986 मध्ये तिच्या जागी ॲल्युमिनियमची बसवली. मूळ मूर्ती आता जवळच्या इतिहास संग्रहालयात आहे, तिथे तिच्यासमोर उभं राहिलं की दचकायला होतं. नाक, ओठ, भुवया सगळं अवजड आणि राकट, कारण तिला तीनशे फुटांवरून बघायचं होतं. पृथ्वीच्या दोन टोकांना एकाच महिन्यात दोन घुमट पुरे झाले. व्ही.टी.चा दगड फोडणाऱ्यांची नावंही तिथल्या कोनशिलेवर नाहीत. तिथे निदान मजुरी दिली जात होती, असं मी स्वतःला सांगते, आणि सांगताना ती किती होती हा प्रश्नही येतोच.

इमारतीच्या आयुष्यात पुढे बरंच झालं. 6 फेब्रुवारी 1983 ला पहाटे आत आग लागली, एका तरुण पाहुण्याचा जीव गेला आणि सगळी वास्तू जायची ती थोडक्यात वाचली. त्या धसक्याने जतनासाठी स्वतंत्र मंडळ स्थापन झालं. वर्षानुवर्षं घातलेल्या पार्टिशनच्या भिंती आणि खोट्या माळ्यांनी आतली मूळ दालनं दिसेनाशी झाली होती, ती मोकळी करण्यात आली. कामकाजाला जागा हवी म्हणून उत्तरेकडे जमिनीखाली चार मजले खोदले, ते 1993 मध्ये पुरे झाले. वर हिरवळ, तिच्यात काचेची तावदानं आणि मधोमध आभाळाकडे उघडा असा एक गोल चौक. मला हा भाग फार आवडतो. जुन्या इमारतीचा आदर करायचा म्हणून नवी इमारत चक्क जमिनीखाली गेली! दर विषम वर्षी 140 दिवस इथे अधिवेशन भरतं आणि हे तळघर गजबजून जातं. एका शाळांविषयीच्या विधेयकावर बोलायला मी शेजारणीबरोबर गेले होते. तिथल्या यंत्रावर नाव नोंदवायचं आणि समितीच्या खोलीबाहेर थांबायचं. आम्ही दुपारी गेलो, पाळी आली तेव्हा रात्र झाली होती. दोन मिनिटं मिळाली. कुणी पास मागितला नाही, कुणाची ओळख लावावी लागली नाही, नागरिक आहात का असंही विचारलं नाही. समोर बसलेल्या एका आमदाराने मान वर करून मला नावाने धन्यवाद दिले, उच्चार चुकला, पण दिले. त्या रात्री वरच्या मजल्यावरून बाहेर पडताना ही इमारत माझी आहे असं मला पहिल्यांदा वाटलं. ती भावना मी खोटी मानत नाही. आणि ज्यांनी दगड फोडला त्यांना या खोल्यांमध्ये उभं राहायचा अधिकार कुणी दिला नसता, हेही तितकंच खरं आहे. ही दोन्ही वाक्यं मला एकत्र ठेवावी लागतात, एकाने दुसरं पुसलं जात नाही.

मला एवढंच वाटतं की गाइडच्या त्या एका शब्दाला आणखी दोन मिनिटं द्यावीत. चांदणी किती फुटांची आहे हे सांगायला वेळ असतो, कन्व्हिक्ट हिल कुठे आहे हे सांगायलाही असावा. कैद्यांच्या रोजाचे पैसे कुणाकडे गेले, कारागिरांनी टाकी खाली का ठेवली, हे ऐकून कुणाचा या इमारतीवरचा जीव कमी होणार नाही. माझा झाला नाही. तसं मी तिथल्या अभिप्रायाच्या कागदावर लिहूनही दिलं.

अप्पा परत जायच्या आधीच्या आठवड्यात आम्ही सीडर पार्कच्या बाजूला ब्रशी क्रीकवर गेलो. दगड घेऊन ऑस्टिनला येणाऱ्या गाड्यांमधून काही चिरे इथे घसरून पडले, ते कुणी उचलले नाहीत, अजून ओढ्याकाठी आहेत. अप्पांना ते बघायचेच होते. गुडघा दुखत असताना ते झुडपं धरत खाली उतरले. एका चिऱ्याच्या कडेने बोटाएवढ्या अर्धगोल खाचा होत्या, ओळीने, सारख्या अंतरावर. त्यांनी एकीत करंगळी घातली. "बघ, हे भोक. हाताने पाडलेलं. एकाने पहार धरायची, दर ठोक्याला जराशी फिरवायची, दुसऱ्याने घण घालायचा. अशी रांग झाली की प्रत्येक भोकात पाचर बसवायची आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत हलके हलके ठोकत जायचं. घाई केली तर दगड वाकडा फुटतो. आवाज बदलला की कळतं, आता सुटणार." त्यांनी खाचा मोजल्या, वितीने अंतर घेतलं. मग मला विचारलं, एकूण किती वाघिणी दगड आला म्हणालीस? पंधरा हजारांवर, मी सांगितलं. गाडीत बसल्यावर त्यांनी किराण्याच्या पावतीच्या पाठीवर गुणाकार मांडायला घेतला: एका भोकाला दोन माणसं, तास-दीड तास, एका चिऱ्याला इतकी भोकं, एका वाघिणीत इतके चिरे. कन्व्हिक्ट हिल रोडचा सिग्नल आला तरी त्यांचा हिशेब पुरा झाला नव्हता, आणि त्यांनी मला दुसरा कागद मागितला.